बाबांच्या अस्थी घेऊन सॅन फ्रान्सिस्को ते नाशिक

परदेशात घरातलं माणूस गेलं, अग्निसंस्कारही तिथेच करावे लागले आणि आता अस्थी भारतात न्यायच्या आहेत, अशा वेळी नियम शोधत बसण्याइतकं डोकं कोणाचंच ठिकाणावर नसतं. आम्हाला जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यसंस्काराची व्यवस्था करणाऱ्या संस्थेच्या बाईंकडून, थोडं कॉन्सुलेटच्या खिडकीपाशी, थोडं थेट विमानतळावर ट्रेसमोर उभं राहून. ते सगळं घडलं त्या क्रमाने एका जागी लिहून ठेवते आहे. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना निदान पुढे काय येणार आहे हे आधी कळावं, एवढंच मनात आहे.

आई-बाबा 2025 च्या उन्हाळ्यात माझ्याकडे सॅन होजेला राहायला आले होते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते हॉस्पिटलमध्येच गेले. दादा पुण्यात, त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. जे करायचं ते मी, माझा नवरा आणि आई एवढ्यांनीच. देह भारतात न्यायचा की इथेच अग्नी द्यायचा हे लगेच ठरवावं लागतं. देह न्यायचा तर एम्बामिंग (देह टिकवण्यासाठीची प्रक्रिया), खास पेटी, कार्गोचं बुकिंग आणि कित्येक पटींनी जास्त खर्च. आईच म्हणाली, "त्यांना पेटीत घालून सामानासारखं पाठवायचं नाही. इथेच करू. अस्थी मात्र मी माझ्या हाताने नाशिकला नेणार."

तिच्या त्या 'माझ्या हाताने'वर पुढचं सगळं ठरलं. अस्थी चेक-इनच्या बॅगेत जाणार नव्हत्या, केबिनमध्येच जाणार होत्या. म्हणजे त्या सिक्युरिटीच्या यंत्रातून जाणार, प्रत्येक विमानतळावर.

इथल्या दहनानंतर हातात जे येतं ते आपल्याकडच्यासारखं नसतं, हे आधी माहीत असू द्या. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन अस्थी वेचतात. इथे दहनानंतर उरलेली हाडं यंत्रात दळतात आणि ती करड्या-पांढऱ्या रंगाची सगळी पूड घरच्यांना देतात. मोठ्या माणसाची ही पूड साधारण दोन ते तीन किलो भरते. तिला तीन लिटरहून थोडा मोठा डबा लागतो. ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि पिशवीच्या तोंडाशी धातूची एक छोटी गोल चकती बांधलेली असते. तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो. दहनाच्या आधीपासून ती चकती देहाबरोबरच असते, त्यामुळे अदलाबदल होत नाही. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने ती चकती बोटांत धरली आणि क्रमांक दोनदा मोठ्याने वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

आईला तांब्याचा कलश हवा होता. फ्युनरल होममध्ये पितळी, संगमरवरी, सिरॅमिकचे असे कितीतरी मांडलेले होते. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, विमानाने नेणार आहात का? मग यातला एकही घेऊ नका. कारण सरळ आहे. धातूच्या किंवा दगडाच्या जाड भिंतीतून एक्स-रे नीट आरपार जात नाही, पडद्यावर नुसता काळा ठोकळा दिसतो. आणि अमेरिकेत विमानतळावरच्या तपासणीची जबाबदारी असलेल्या टीएसएचा नियम असा की आत काय आहे हे यंत्रातून समजलं नाही, तर ते पात्र पुढे जाऊ देत नाहीत. ते उघडून बघणं हा पर्याय नाही. अस्थींचं पात्र टीएसएचे कर्मचारी उघडत नाहीत, घरच्यांनी स्वतः 'उघडा' म्हटलं तरी नाही.

हे ऐकून मला आधी भीती वाटली, कारण एकदा अडलं की सुटायला वाटच नाही. आईला मात्र त्याच वाक्याने धीर आला. कोणी परका माणूस हातमोजे घालून बाबांच्या अस्थींत हात घालणार नाही, हे तिला पुरेसं होतं. तिने तांब्याचा आग्रह तिथल्या तिथे सोडला. दादाला फोन करून म्हणाली, "कलश तू नाशकात घे, आपण तिथे गेल्यावर घालू."

आम्ही पातळ लाकडाची साधी पेटी घेतली, नव्वद डॉलरच्या आसपास पडली. प्लास्टिकचा एक डबा तर दहनाच्या खर्चातच मिळतो आणि प्रवासापुरता तोही चालतो. नक्षी, धातूची पट्टी, कुलूप यांतलं काही नको. पेटीवर नाव, दहनाची तारीख आणि क्रमांक असलेलं लेबल बाहेरून चिकटवून घ्या. आमच्या पेटीला ते तळाशी लावलं होतं. मी आणखी एक मागून वरच्या बाजूला लावून घेतलं. पुढे प्रत्येक ठिकाणी पेटी उलटी न करता नाव वाचता आलं, ही लहान वाटणारी गोष्ट आईच्या दृष्टीने फार मोठी होती.

कागदांचं सांगते. कॅलिफोर्नियात मृत्यूचा दाखला काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडून मिळतो. दर प्रतीला पंचवीस डॉलरच्या आसपास लागतात आणि दहा-बारा दिवस जातात, कारण डॉक्टरांनी मृत्यूचं कारण नोंदवल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. फ्युनरल होमच तो अर्ज करतं. तेव्हाच जास्त प्रती मागवा. आम्ही आठ घेतल्या. दुसरा कागद दहनाचा दाखला. तिसरा, अस्थी कुठे नेणार हे लिहिलेला काउंटीचा परवाना, जो अस्थींबरोबरच हातात देतात. त्यावर 'भारत' असं आधीच लिहून घ्यायला सांगा.

चौथा आणि महत्त्वाचा कागद म्हणजे भारतीय कॉन्सुलेटचं ना हरकत पत्र. बाबांकडे भारतीय पासपोर्ट होता. तो मूळ पासपोर्ट तिथे द्यावा लागतो, ते तो रद्द करून परत देतात आणि अस्थी नेण्याचं पत्र देतात. गेलेली व्यक्ती अमेरिकी नागरिक असेल तर तिचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असलं तर तेही बरोबर न्या. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, अस्थी नेणाऱ्याचा पासपोर्ट आणि व्हिसा, विमानाचं तिकीट, या सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून गेलो होतो आणि त्या सगळ्या लागल्या. पत्रावर अस्थी नेणाऱ्याचं नाव येतं. आम्ही आईचं आणि माझं, दोघींचं घालून घेतलं. सत्तरीची आई, मधुमेह आणि वीस तासांहून जास्त प्रवास. वाटेत तिला काही झालं तर पेटी माझ्या हातात कायदेशीरपणे असावी, हा विचार होता.

एक गोष्ट कॅलेंडरात बघायची राहून जाते. कॉन्सुलेट अमेरिकी सुट्ट्यांनाही बंद असतं आणि भारतातल्या सुट्ट्यांनाही. त्या वर्षी 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी होते. आमचं काम 30 सप्टेंबरला झालं, नाहीतर तिकीट पुढे ढकलावं लागलं असतं. मृत्यूसंबंधीच्या कामांसाठी कॉन्सुलेटचा सुट्टीच्या दिवसाचा वेगळा फोन असतो, तो नंबर मात्र आधी लिहून ठेवा.

अस्थी दहा दिवसांत विसर्जित करायच्या ही रूढी, त्यामुळे आईच्या जिवाला घोर. इथल्या गुरुजींनी दहावं-तेरावं घरीच करून दिलं आणि परदेशातून नेताना उशीर चालतो असं स्पष्ट सांगितलं. अशा वेळी गुरुजींनी दिलेला निर्वाळा कागदांइतकाच महत्त्वाचा असतो.

विमान कंपनीला मी दोनदा फोन केला आणि दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली. पहिल्या बाई म्हणाल्या, चेक-इनमध्ये टाका. दुसऱ्यांनी नियम वाचून सांगितलं की केबिनमध्येच न्याव्यात, चेक-इनमध्ये घेत नाही. मी त्या दुसऱ्या उत्तराची लेखी ईमेल मागून घेतली आणि तिची छापील प्रत फाइलला लावली. तुम्हीही लेखी घ्याच. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला सगळे नियम पाठ असतात असं नाही, आणि त्या दिवशी वाद घालण्याचं बळ आपल्या अंगात नसतं.

मग प्रश्न आला बॅगेचा. केबिनमध्ये न्यायची जागा आणि वजन ठरलेलं. पेटीसकट अस्थी तीन किलोच्या घरात. आईचं इन्सुलिन चेक-इनमध्ये टाकता येत नाही, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. पॉवर बँक लिथियमची असल्यामुळे चेक-इनमध्ये टाकायला बंदीच आहे. कागदांची फाइल हवी, आईची रोजची औषधं हवीत, लॅपटॉप हवा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यावर आमचा एक अख्खा दिवस गेला. शेवटी आम्ही अस्थींना स्वतंत्र बॅग दिली आणि बाकीचं तिच्याभोवती जमवलं. अस्थींच्या बॅगेत पेटी, एक धुतलेला पंचा आणि कागद, बस. औषधं, इन्सुलिन, पॉवर बँक माझ्या पर्समध्ये. लॅपटॉप घरीच ठेवला. आईने बाबांची शाल केबिनमध्ये घ्यायची म्हणून हट्ट धरला, तेव्हा ती अंगावर पांघरून घे म्हटलं.

बॅग कुठली, यावरही विचार केला. चाकांची ट्रॉली बॅग ओढायला सोपी, आणि पेटी हातात धरून चालणं सोपं नाही. पण विमान भरलेलं असलं की ट्रॉली बॅगा दारातच गोळा करून खाली पाठवतात. तो धोका आम्हाला घ्यायचा नव्हता. म्हणून मऊ कापडाची, पाठीवर घ्यायची बॅग घेतली. तिला कोणी हात लावत नाही. पाठ भरून आली, तरी मी तीच निवड पुन्हा करेन.

देवघरात गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू होता, आईने तो बरोबर घ्यायला काढला. धातूचा, बंद आणि आत द्रव. यंत्रातून दिसत नाही आणि उघडताही येत नाही. तो घरीच राहिला. द्रवाचा 100 मिलिलिटरचा नियम 2006 पासून आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि सगळीकडे बाटल्या बंद झाल्या. पुडीवरची नजर त्यानंतरची. 2017 मध्ये सिडनीत एक कट पकडला गेला आणि पुढच्या वर्षी जूनअखेरपासून अमेरिकेने केबिनमधल्या 350 मिलिलिटरहून जास्त पुडीची वेगळी तपासणी सुरू केली. अस्थी त्या मर्यादेतून वगळलेल्या आहेत. पण वगळलेल्या म्हणजे तपासणी नाही असं नव्हे. पूड ती पूड, यंत्राला ती दिसणार आणि यंत्र थांबणार, हे मनाशी धरूनच रांगेत उभं राहायचं.

निघायचा दिवस दसऱ्यानंतरचा शनिवार, 4 ऑक्टोबर. 1 तारखेपासून अमेरिकेत सरकारचा खर्चच मंजूर न झाल्यामुळे सरकारी कामकाज ठप्प होतं आणि देशभर टीएसएचे कर्मचारी पगाराशिवाय काम करत होते. रांगा किती लांबतील या काळजीने आम्ही चार तास आधी पोचलो. सॅन फ्रान्सिस्को हा त्या मोजक्या विमानतळांपैकी आहे जिथे तपासणी टीएसएच्या देखरेखीखाली खासगी कंपनीचे कर्मचारी करतात. नियम तेच, पण त्या दिवशी रांग नेहमीसारखीच होती. त्याआधी तीन-चार दिवस टीएसए केअर्स या मदत-फोनवर आईची व्हीलचेअर आणि अस्थी, दोन्ही कळवून ठेवलं होतं. प्रवासाच्या 72 तास आधी कळवा असं ते सांगतात.

रांगेत आईला एकच प्रश्न छळत होता. ज्या ट्रेमध्ये लोकांनी बूट ठेवले त्याच ट्रेमध्ये बाबा? अमेरिकेत बूट काढायची सक्ती 2025 च्या जुलैत उठली होती, हे मी तिला सांगितलं. तरी ती म्हणाली, कालपर्यंत ठेवतच होते ना. म्हणून तो पंचा. ट्रे आली की मी आधी पंचा अंथरला, त्यावर पेटी ठेवली आणि समोरच्या तरुणाला हळू आवाजात सांगितलं, की या माझ्या वडिलांच्या अस्थी आहेत, कागद माझ्या हातात आहेत. हे आपणहून आणि आधी सांगणं फार उपयोगी पडतं. तो लगेच सरळ उभा राहिला. "आय अॅम सॉरी, मॅम," म्हणाला आणि पुढच्या माणसांना थोडं थांबवलं.

पेटी बॅगेतून काढून वेगळी ठेवायला त्यानेच सुचवलं. पट्ट्यावरून ती आत गेली आणि थांबली. पडद्यासमोरच्या बाईंनी चित्र फिरवून फिरवून बघितलं. तिथली यंत्रं नव्या पद्धतीची असतात, वस्तू सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवणारी. मग पेटी बाजूच्या टेबलावर घेतली. एका वयस्कर माणसाने नवे हातमोजे चढवले, मला जवळ बोलावलं आणि काय करणार आहे ते आधी सांगितलं. बोटभर रुंदीची कापडाची पट्टी घेऊन त्याने पेटीच्या कडा, झाकणाची फट आणि तळ पुसला. ती पट्टी एका छोट्या यंत्रात घातली. स्फोटकांचा अंश असेल तर ते यंत्र सांगतं. हिरवा दिवा लागेपर्यंत काही सेकंद जातात. त्या सेकंदांत आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वण उठला. मग त्याने दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि मला न देता व्हीलचेअरवर बसलेल्या आईच्या हातात दिली. कागद त्याने बघितलेसुद्धा नाहीत.

म्हणजे तिथे कागदांपेक्षा पेटी कशाची आहे यालाच महत्त्व होतं. तांब्याचा कलश असता तर तोच माणूस, तितकाच भला असूनही, आम्हाला परत पाठवायला बांधलेला होता. विमानतळावर आपली परीक्षा घेतं ते यंत्र, आणि यंत्राला आरपार दिसलं पाहिजे. माणसांचा चांगुलपणा त्यानंतर येतो. अस्थी नेणाऱ्या प्रत्येकाने पेटी निवडताना एवढं एक लक्षात ठेवावं.

विमानात आईला पेटी मांडीवर हवी होती. विमान उडताना आणि उतरताना हातात काही धरता येत नाही, वर नाहीतर समोरच्या सीटखाली ठेवावं लागतं. सीटखाली म्हणजे पायांशी, ते आईला चालणार नव्हतं. वरच ठेवायची तर जागा मिळायला हवी. व्हीलचेअर असल्यामुळे आम्हाला आधी आत सोडलं आणि आमच्याच डोक्यावरचा कप्पा मोकळा मिळाला. व्हीलचेअर नसेल तर गेटवरच्या कर्मचाऱ्यांना कारण सांगून आधी आत सोडायची विनंती करा. विमान वर गेल्यावर आईने बॅग मागून घेतली आणि लंडन येईपर्यंत तिच्यावर हात ठेवून झोपली.

लंडनला हीथ्रोवर विमान बदलायचं होतं. विमान बदलणाऱ्यांनाही तिथे पुन्हा सिक्युरिटीतून जावं लागतं, हे खूप जणांना माहीत नसतं. अमेरिकेत तपासून झालं म्हणून सुटका नाही. त्या काळात हीथ्रोवर काही रांगांत नवी यंत्रं होती, काहींत जुनी. 100 मिलिलिटर आणि पारदर्शक पिशवीचा नियम तेव्हा लागू होता. विमानात मिळालेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागली. आईच्या इन्सुलिनबरोबर डॉक्टरांचं पत्र होतं, औषधाला मर्यादा नसते, ते बघून परत दिलं.

पेटी मात्र अडली. हीथ्रोवर पट्ट्याला दोन फाटे असतात. ज्या ट्रेबद्दल शंका असेल ती काचेपलीकडच्या फाट्यावर जाते आणि तिथे आधीच दहा-बारा ट्रे साचलेल्या असतात. पेटी आपल्या डोळ्यांसमोर, पण हात पोचत नाही, आणि पुढे-मागे कोणाचे तरी जॅकेट, कोणाचे लांब बूट. तिथे पाऊण तास गेला. मुंबईच्या विमानाला वेळ होता म्हणून ठीक. तुमचं तिकीट असं असेल तर दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा. स्वस्त तिकिटात दीड तासाचं अंतर देतात, ते घेऊ नका. पाळी आल्यावर तिथल्या बाईंनी कागद मागितले, दहनाचा दाखला आणि कॉन्सुलेटचं पत्र दोन्ही नीट वाचलं, पेटीवरच्या नावाशी ताडून बघितलं, वरून पट्टी फिरवली आणि सोडलं. वर चिकटवलेलं लेबल इथे कामी आलं. सॅन फ्रान्सिस्कोत ज्या फाइलकडे कोणी पाहिलं नाही, तीच इथे सगळ्यात आधी मागितली. म्हणून फाइल बॅगेत नको, हातात हवी.

मुंबईत उतरल्यावर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना मी आपणहून पेटी आणि पत्र दाखवलं. त्यांनी पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का बघितला, कुठे विसर्जन करणार एवढंच विचारलं. आई म्हणाली, "रामकुंडात." ते म्हणाले, "जा ताई, सावकाश जा." दादा बाहेर गाडी घेऊन उभा होता. तिथून नाशिकला रस्त्यानेच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्याच्या कलशात अस्थी घातल्या आणि रामकुंडावर विधी झाला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

थोड्या अस्थी काशीसाठी राखल्या होत्या, बाबांची तशी इच्छा होती. दोन आठवड्यांनी, दिवाळीनंतर, दादा आणि मी मुंबईहून वाराणसीला विमानाने गेलो. भारतातल्या विमानांत इकॉनॉमीला केबिनमध्ये एकच बॅग, 7 किलोपर्यंत. शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग. अस्थी आता अर्धा किलोही नव्हत्या, पण दादाला तो तांब्याचाच छोटा कलश न्यायचा होता. मी त्याला थांबवलं आणि फ्युनरल होमने दिलेला प्लास्टिकचा डबा काढला. कलश रिकामा, चेक-इनमध्ये. विमान कंपनीला आधी विचारलं तर मृत्यूचा आणि दहनाचा दाखला बरोबर ठेवा, डबा नीट बंद ठेवा, असं सांगितलं. मुंबईला दारावर डिजीयात्रेमुळे, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या सोयीमुळे, चटकन आत गेलो. तपासणीची रांग मात्र सगळ्यांना सारखीच.

सीआयएसएफच्या जवानाने डबा पडद्यावर बघून विचारलं, "इसमें क्या है?" दादाने सांगितलं. त्याने डबा एकटाच पुन्हा यंत्रातून काढला, वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी दोन्ही दाखले वाचले. अमेरिकेचे कागद, इंग्रजीत, त्यामुळे थोडा वेळ लागला. मग जवानाने डब्याला हात लावण्याआधी टोपी काढून बाजूला ठेवली. पाच-सात मिनिटांचं काम. काशीहून परत येताना गंगेच्या पाण्याचे सीलबंद गडू घेतले, ते सरळ चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

एक काम अमेरिका सोडायच्या आधीच करून घ्या, कारण भारतात आल्यावर ते फार अवघड जातं. परदेशातला मृत्यूचा दाखला भारतात बँकेला, पेन्शनला, घराच्या कागदांना लागतो, आणि तिथे नुसता दाखला बहुतेक ठिकाणी पुरत नाही. त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं. कॅलिफोर्नियात ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळतं, एका कागदाला 20 डॉलर. प्रत्यक्ष जाऊन घेतलं तर वर थोडे जास्त. माझा नवरा आम्ही निघायच्या आदल्या दिवशी सॅक्रामेंटोला गाडीने जाऊन दोन प्रतींवर ते घेऊन आला. आईच्या फॅमिली पेन्शनच्या अर्जाला एक लागली, दुसरी बँकेत दिली. उरलेल्या साध्या प्रती दादाच्या कपाटात आहेत, त्या अजून अधूनमधून लागतातच.